कान्हेरीच्या पोढ्या आणि उपनगरातील संग्रहालयविचार : पाणी, दाते व अभ्यागत

प्रस्तावना

मुंबईच्या किल्ला विभागातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची वास्तू दोन प्रकारच्या दगडांत उभी आहे. त्यांतील करडा बेसाल्ट कुर्ल्याच्या खाणींतून आणि पिवळसर ट्रॅकाइट मालाडच्या खाणींतून आणलेला आहे. १९०५ मध्ये या वास्तूची कोनशिला बसविण्यात आली आणि १९२२ मध्ये ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ या नावाने ती लोकांसाठी खुली झाली. त्या काळी कुर्ला व मालाड ही साष्टी बेटावरील गावे होती. शहराच्या संग्रहालयाला दगड साष्टीने पुरविला. मात्र साष्टीच्या स्वतःच्या खडकांत सुमारे हजार वर्षे जे कोरले गेले, त्याकडे संग्रहालय म्हणून पाहण्याची सवय अभ्यासकांना वा अभ्यागतांना फारशी लागली नाही.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने, म्हणजे आयकॉमने, २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. संकलन, जतन, संशोधन व प्रदर्शन या परिचित कार्यांच्या जोडीला तीत शाश्वतता आणि समुदायांचा सहभाग या दोन गोष्टींचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हापासून संग्रहालये पर्यावरणपूरक कशी करावीत आणि प्रेक्षकांना त्यांत कसे सामील करून घ्यावे, या प्रश्नांची चर्चा आपल्याकडेही वाढली आहे. ती बहुतेक वेळा विजेचे दिवे, वातानुकूलन, सौर पटले आणि कचऱ्याचे डबे यांच्याभोवती फिरते. हे विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु शाश्वतता आणि लोकसहभाग हे दोन स्वतंत्र कार्यक्रम आहेत, ही समजूत मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. बोरिवलीजवळील कान्हेरी लेण्यांच्या इतिहासात पाण्याची व्यवस्था आणि लोकांचा सहभाग ही एकच योजना होती. ती कशी होती, केव्हा दुभंगली आणि आजच्या उपनगरी संग्रहालयविचाराला तिचा काय उपयोग, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

लेणी म्हणजे संग्रहालय नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. आयकॉमच्या १९७४ च्या नियमावलीने संग्रहालयस्वरूप असलेल्या पुरातत्त्वीय व नैसर्गिक स्थळांचाही संग्रहालयांत समावेश केला होता, ही बाब या संदर्भात लक्षात घ्यावी. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, फ्रान्समध्ये जॉर्ज आंरी रिव्हिएर व ह्यूग द वारीन यांच्या विचारातून ‘इकोम्युझियम’ ही संकल्पना पुढे आली. इमारत, संग्रह आणि प्रेक्षक यांच्या जागी प्रदेश, वारसा आणि तेथील रहिवासी यांना केंद्रस्थानी ठेवणारे संग्रहालय, असे तिचे स्थूल स्वरूप सांगता येईल. तिकीट, पहारा, माहितीफलक, जतनाची शासकीय यंत्रणा आणि अभ्यागतांची रीघ हे सर्व कान्हेरीला आहे. फक्त छप्पर डोंगराचे आहे.

हवामानाचा प्रश्न

विसाव्या शतकातील संग्रहालयशास्त्राने जतनाचा विचार प्रामुख्याने बंद खोलीच्या संदर्भात केला. गॅरी थॉमसन यांचा ‘द म्युझियम एन्व्हायरन्मेंट’ हा १९७८ चा ग्रंथ या विषयातील मूलभूत ग्रंथ मानला जातो. सुमारे २० अंश सेल्सियस तापमान व ५० टक्क्यांच्या आसपास सापेक्ष आर्द्रता हे प्रमाण त्यानंतर जगभर जवळजवळ नियमासारखे रूढ झाले. युरोपातील थंड देशांना ते सोयीचे होते. मुंबईच्या पावसाळ्यात, जेथे हवेतील आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते, तेथे हे प्रमाण राखायचे तर यंत्रे अहोरात्र चालवावी लागतात. २०१४ मध्ये जतनतज्ज्ञांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी संयुक्त निवेदन काढून हा आग्रह सैल केला आणि कायमस्वरूपी संग्रहांसाठीची मानके स्थानिक हवामानात साध्य होण्यासारखी असावीत, असे सुचविले. उष्ण कटिबंधातील संग्रहालयांना हे शहाणपण उशिरा का होईना, पण उपयोगाचे ठरले. स्थानिक हवामानाशी जुळवून घेणारी संस्था म्हणजे नेमके काय, याचे उदाहरण शोधण्यासाठी मात्र मुंबईकराला परदेशी जाण्याचे कारण नाही.

पोढी : रचना व कार्य

कान्हेरीचे प्राचीन नाव कृष्णगिरी. शिलालेखांत ते ‘कण्हसेल’ अशा प्राकृत रूपांत आढळते. येथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांचे खोदकाम व वापर इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापासून दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत चालू होता. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह, त्यातील ३४ स्तंभ आणि व्हरांड्यातील भव्य बुद्धमूर्ती पाहून बहुतेक अभ्यागत परततात. त्यांच्या पायाखाली जी व्यवस्था आहे, तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणात, प्रवेशाच्या एका बाजूस, खडकात चौकोनी तोंड खोदलेले दिसते. हीच पोढी. तोंड लहान आणि आतील टाके मोठे, काही ठिकाणी अंगणाच्या खाली दूरवर गेलेले, अशी तिची रचना असते. लहान तोंडामुळे उन्हाचा संपर्क कमी येतो, बाष्पीभवन घटते आणि प्रकाश न मिळाल्याने शेवाळही कमी धरते. डोंगराच्या उघड्या उतारावर चर कोरलेले असून त्यांतून पावसाचे पाणी टाक्यांकडे वळविले जाते. वरच्या बाजूचे जादा पाणी खालच्या बाजूस जाईल अशी उताराची योजना आहे. दर्शनी भागाच्या वरच्या अंगास कोरलेल्या पन्हाळींमुळे तेच पाणी लेण्याच्या तोंडावरून आत येत नाही. जे पाणी शिल्पाला घातक तेच भिक्षूला जीवनदायी, म्हणून एकाच चराने दोन कामे साधली आहेत. दरीतील ओढ्यावर बांधाचे अवशेषही आढळतात.

या व्यवस्थेची आवश्यकता आकड्यांनी चांगली कळते. मुंबई उपनगरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. १०० चौरस मीटर उघड्या खडकावर २३०० मिलिमीटर पाऊस पडला तर २,३०,००० लिटर पाणी मिळते. त्यातील निम्मे वाया गेले असे धरले तरी १,१५,००० लिटर उरते. एका व्यक्तीस पिण्यासाठी व अत्यावश्यक वापरासाठी दिवसाला १० लिटर या हिशेबाने कोरड्या २४० दिवसांत २,४०० लिटर लागतील. म्हणजे दहा मीटर लांबी-रुंदीचा एक उतार सत्तेचाळीस माणसांना पुढच्या पावसापर्यंत पोसू शकतो. हा हिशेब केवळ प्रमाण दाखविण्यासाठी केलेला आहे. प्रत्यक्षात प्रत्येक पोढीची क्षमता वेगळी. तरीही विहिरीवाचून, नदीवाचून आणि कसलेही यंत्र न वापरता एवढा मोठा संघ या डोंगरावर शतकानुशतके कसा राहिला, याचे उत्तर त्यात मिळते.

कान्हेरीचा खडक अखंड कठीण बेसाल्ट नसून ब्रेशिया प्रकारचा ज्वालामुखीजन्य खडक आहे. तो खोदण्यास सोपा. परंतु झिरप्याला व झिजेला लवकर बळी पडणारा. त्यामुळे येथे पाण्याचा मार्ग ठरविणे हा सोयीचा नव्हे, तर टिकून राहण्याचा प्रश्न होता. चर बुजला की दुसऱ्याच पावसाळ्यात भिंत ओली होते. आजच्या जतनकार्यातही हा मुद्दा तितकाच खरा आहे.

दान आणि देखभाल

पोढ्या कोणी खोदविल्या, हे अनेक ठिकाणी त्यांच्यालगतच लिहून ठेवलेले आहे. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत ‘लेण’ आणि ‘पोढि’ हे शब्द जोडीने येतात. दाते प्रामुख्याने व्यापारी, कारागीर, गृहस्थ, भिक्षू व भिक्षुणी आहेत आणि त्यांची गावे कल्याण, सोपारा, नाशिक अशी आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद या दृष्टीने फार बोलकी आहे. ज्याला संपूर्ण लेणे खोदविण्याची ऐपत नव्हती त्याला पोढी देता येत होती आणि तीवर नाव कोरण्याचा मान राजपुरुषाइतकाच त्यालाही होता. वाटसरूंसाठी पाणपोई घालण्याच्या महाराष्ट्रातील प्रथेचे हे एक प्राचीन रूप म्हणावयास हरकत नाही.

दान केवळ खोदकामापुरते नव्हते. काही लेखांत अक्षयनीवीचा, म्हणजे मुद्दल कायम ठेवून उत्पन्न वापरावयाच्या ठेवीचा उल्लेख येतो. एका लेखात ‘मंगलठाण’ या गावातील शेत संघाला दिल्याचे सांगितले आहे. हे मंगलठाण म्हणजे बोरिवली पूर्वेचे आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. बसथांबा आणि मेट्रोस्थानकामुळे रोज लाखोंच्या तोंडी असलेले हे नाव एके काळी डोंगरावरील संस्थेच्या खर्चाचा आधार होते.

नवव्या शतकातील उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात ही व्यवस्था अधिक तपशिलाने दिसते. पुल्लशक्तीच्या काळचा शके ७६५ (इ. स. ८४३) चा आणि दुसऱ्या कपर्दीच्या काळातील शके ७७५ व शके ७९९ चे लेख येथे आहेत. त्यांत द्रम्म या नाण्यांत ठेवी ठेवून त्यांचा विनियोग ठरवून दिलेला आढळतो. गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर या उपासकाने शंभर द्रम्मांची ठेव ठेवली होती. पुल्लशक्तीच्या काळच्या दानात पूजेच्या आणि चीवरांच्या जोडीला विहाराची दुरुस्ती आणि ग्रंथ यांसाठीही स्वतंत्र रक्कम नेमलेली आहे. दुरुस्तीसाठी वेगळी तरतूद करण्याची ही दृष्टी आज अनेक सार्वजनिक संस्थांत अपवादानेच आढळते. नव्या दालनाच्या उद्घाटनाला देणगीदार मिळतो. गटार साफ करण्यासाठी मिळत नाही. कान्हेरीच्या दात्यांना दोन्ही कामे पुण्याची वाटत होती.

अभ्यागताचे बदलते रूप

कान्हेरीला आलेल्या सर्वांचे येणे संघाशी बांधलेले होते असे नाही. नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे व भेटीचा दिवस कोरून ठेवला आहे. पारशांच्या भारतातील वसाहतीच्या इतिहासाचे हे मोलाचे साधन होय. संग्रहालयाच्या भाषेत बोलायचे तर ही साष्टीतील सर्वांत जुनी अभ्यागतवही आहे. भिंतीवर नाव खरडणारा आजचा पर्यटक गुन्हा करतो आणि हजार वर्षांपूर्वीचा पर्यटक साधनसामग्री ठेवून जातो, हा विरोधाभास विद्यार्थ्यांसमोर चर्चेला ठेवण्याजोगा आहे.

पुढे पोर्तुगीज काळात लेण्यांचा धार्मिक उपयोग संपला होता आणि कुतूहलाने येणाऱ्या प्रवाशांचे युग सुरू झाले होते. १६७५ मध्ये आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने कान्हेरीचे वर्णन खडकात कोरलेले नगर असे केले. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी हेन्री सॉल्ट यांनी साष्टीतील लेण्यांचा वृत्तांत लिहिला. १८३९ मध्ये डॉ. जेम्स बर्ड यांनी चैत्यगृहासमोरील स्तूप उकरला आणि त्रैकूटक काळातील ताम्रपट बाहेर काढला. १८६० च्या सुमारास एडवर्ड वेस्ट यांनी शिलालेखांच्या नकला प्रसिद्ध केल्या. ज्ञानाच्या दृष्टीने या कामांचे मोल निर्विवाद आहे. परंतु याच काळात लेणे ही पाहण्याची वस्तू, शिलालेख ही वाचण्याची वस्तू आणि पोढी ही केवळ लेण्याच्या वर्णनातील एक नोंद ठरली. जो पूर्वी दाता होता तो आता प्रेक्षक झाला. लेण्यांचे पाणी व लेण्यांचे लोक यांची फारकत झाली ती येथे.

योगायोगाचा भाग असा की, याच वर्षांत मुंबई शहर पाण्यासाठी याच डोंगरांकडे वळले. १८५४ च्या पाणीटंचाईनंतर विहार तलावाची योजना आकारास आली. १८५६ मध्ये काम सुरू होऊन १८६० मध्ये ते पूर्ण झाले. १८७९ मध्ये तुळशी तलाव तयार झाला. दोन्ही तलाव आज सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत. या तलावांचे पाणलोट क्षेत्र राखण्याची गरज होती, म्हणूनही महानगराच्या मध्यावर एवढे जंगल टिकले. बुद्धसंघाने ज्या पावसावर आपली पोढी भरली तोच पाऊस एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांनी शहरासाठी अडविला. उद्यानातील अभ्यागताला हे दोन्ही अध्याय एका दिवसात पायी पाहता येण्यासारखे आहेत; तसे दाखविले मात्र क्वचितच जातात.

२०२२ ची सुविधा आणि एक विसंगती

कान्हेरी हे केंद्रीय संरक्षित स्मारक असून त्याचे जतन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. सभोवतालचे अरण्य राज्याच्या वनविभागाकडे. उद्यानाच्या मुख्य द्वारापासून लेण्यांपर्यंतचे अंतर सहा किलोमीटरच्या घरात आहे. १६ मे २०२२ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, येथील नव्या अभ्यागत-सुविधांचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय संस्कृती निधीच्या माध्यमातून इंडियन ऑइल फाउंडेशनने त्यांचा खर्च उचलला. अभ्यागतकक्ष, तिकीटघर, रखवालदारांचे निवासस्थान यांचे नूतनीकरण झाले. लेणी अरण्याच्या गाभ्यात असल्याने तेथे वीज आणि पाणी यांची सोय नव्हती. विजेसाठी सौर यंत्रणा व जनित्रे बसविण्यात आली आणि पाण्याची गरज कूपनलिकेद्वारे भूजल उपसून भागविण्यात आली.

सौर यंत्रणेचे स्वागतच करावयास हवे. कूपनलिकेचे मात्र तसे नाही. ज्या डोंगरावर जलसंधारणाचे दोन हजार वर्षांचे जिवंत पाठ्यपुस्तक उघडे पडलेले आहे, त्याच डोंगरावर अभ्यागताची तहान खडकाला भोक पाडून भागवावी, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही. पुरातत्त्व विभागाची अडचणही समजून घेतली पाहिजे. प्राचीन पोढीतील साचलेले पाणी शुद्धीकरणाविना पिण्यास देणे धोक्याचे. मूळ रचनेत नळ वा पंप बसविणे नियमांत व विवेकात बसणारे नाही. आणि अरण्याच्या कोरड्या दिवसांत हे पाणी पक्ष्यांना व प्राण्यांनाही लागते. त्यामुळे पोढ्यांचे पाणी बाटलीत भरून विकावे, असली उत्साही सूचना येथे अभिप्रेत नाही. परंतु नव्या कक्षांच्या छपरांवर पडणारे पाणी पोढीच्याच तत्त्वावर जमिनीखालील टाक्यात साठविणे आणि त्या टाक्याचे तोंड अभ्यागतांना दिसेल असे ठेवणे, यास कोणताही पुरातत्त्वीय अडसर दिसत नाही. प्राचीन टाक्याशेजारी नवे टाके उभे राहिले तर प्रदर्शन आणि गरज यांतील भिंत आपोआप गळून पडेल.

पाणी शत्रू झाले की काय होते, हे पाहण्यासाठी जोगेश्वरीपर्यंत जावे. सहाव्या शतकातील हे भव्य शैव लेणे भूपातळीच्या खाली कोरलेले आहे. त्याच्या माथ्यावर आणि कडेला दाट वस्ती झाली आणि सांडपाणी व झिरपा हा तेथील कायमचा प्रश्न बनला. लेणे मात्र ओस पडलेले नाही. जोगेश्वरी देवीची पूजा चालू आहे, परिसरातील लोक रोज ये-जा करतात. केवळ लोकांचा वावर म्हणजे सहभाग नव्हे, याचे हे उदाहरण. भक्तांचा देवीशी संबंध आहे, गटाराच्या उताराशी नाही. तो उतार कोणाच्याच अखत्यारीत येत नाही. अंधेरीच्या कोंडिवटे, म्हणजे महाकाली लेण्यांत नवव्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील दगडी जाळी वारा व प्रकाश आत घेण्याची साधी युक्ती आजही दाखवते. तेथेही वस्तीचा दाब आहेच. बोरिवलीच्या एकसर येथील सागरी युद्धाचे अंकन असलेले वीरगळ तर उघड्यावर, लोकवस्तीतच उभे आहेत.

सहभाग कोणाचा?

प्रेक्षकांचा सहभाग म्हटला की चित्रकला स्पर्धा, प्रश्नमंजूषा आणि स्वच्छता मोहीम हे उपक्रम डोळ्यांसमोर येतात. स्वच्छतेची मोहीम उपयुक्त असली तरी अभ्यागताने टाकलेला कचरा अभ्यागतानेच उचलावा एवढ्यावर ती थांबते. महाशिवरात्रीला उद्यानात लोटणाऱ्या गर्दीनंतरचे चित्र पाहिले तर तिची गरज कळते, मर्यादाही कळते. शहरातील मोठ्या संग्रहालयाने २०१५ पासून ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस शाळा-शाळांतून फिरविली, हा उपक्रम स्तुत्य आहे. प्रेक्षकाला संग्रहालयाकडे आणण्याऐवजी संग्रहालय प्रेक्षकाकडे गेले. तरी देणारा आणि घेणारा यांचे नाते त्यात तसेच राहते.

याच उद्यानात वेगळ्या प्रकारच्या सहभागाचा एक प्रयोग झालेला आहे. बिबट्यांच्या प्रश्नावर २०११ मध्ये ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम वनविभाग, संशोधक आणि नागरिक यांनी मिळून सुरू केला. उद्यानाच्या सीमेवरील वसाहतींत जाऊन लोकांशी बोलणे, कचऱ्यामुळे भटकी कुत्री आणि कुत्र्यांमुळे बिबट्या कसा वस्तीकडे येतो ते समजावणे, वृत्तपत्रांशी संवाद ठेवणे अशी कामे त्यात झाली. येथे नागरिकाला माहिती ऐकण्याचे नव्हे, तर वागणूक बदलण्याचे आणि निरीक्षणाचे काम मिळाले. लेण्यांच्या बाबतीत असे काही झालेले नाही. वास्तविक पोढ्या त्यासाठी आदर्श आहेत. निवडक वीस-पंचवीस पोढ्यांतील पाण्याची पातळी ऑक्टोबरपासून मेपर्यंत दरमहा मोजणे हे काम महाविद्यालयीन विद्यार्थी, नियमित फेरफटका करणारे ज्येष्ठ नागरिक आणि शाळांचे गट सहज करू शकतील. एक दोरी, एक मोजपट्टी आणि एक नोंदवही एवढीच सामग्री. पाच वर्षांच्या नोंदींतून कोणते चर बुजले, कोणत्या टाक्यांना तडे गेले, कोणता उतार अजून काम करतो, हे जतनकर्त्यांना समजेल. आणि ज्याने जानेवारीत पाणी मोजले तो मे महिन्यात त्या पोढीत बाटली टाकणार नाही, असा अंदाज बांधण्यास हरकत नाही.

या सहभागातून एक घटक नेहमी सुटतो. उद्यानात वारली व अन्य आदिवासींचे पाडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. काकडी, बोरे, करवंदे विकणाऱ्या त्यांच्यातील स्त्रिया बहुतेक अभ्यागतांना ठाऊक असतात, पण फक्त विक्रेत्या म्हणून. १९९५ च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला; त्यानंतर अतिक्रमण कोणते आणि मूळ वस्ती कोणती, या वादात पाड्यांचे स्थान अनिश्चित राहिले. इकोम्युझियमची संकल्पना रहिवाशाला केंद्रस्थानी ठेवते, हे वर सांगितले आहे. ज्याच्या राहण्याविषयीच शंका आहे त्याला केंद्रस्थानी ठेवणार कसे, हा प्रश्न तिच्या पुरस्कर्त्यांनी टाळता कामा नये. ओढ्यांची, झऱ्यांची आणि पावसाच्या ओघाची सर्वाधिक माहिती याच लोकांकडे आहे. पाणीमोजणीचे प्रशिक्षक म्हणून त्यांना मानधन देऊन नेमणे हे उपकार नसून कामाचे मोल ठरेल. त्यासाठीचा पैसा तिकिटांच्या उत्पन्नातून वेगळा काढून दुरुस्तीच्या अक्षयनीवीसारखा राखून ठेवता येईल. तशी प्रथा या डोंगरावर नवीन नाही.

अभ्यागतांच्या संख्येचा प्रश्न याहून अवघड आहे. अरण्याच्या गाभ्यात किती माणसांनी, कोणत्या महिन्यांत यावे? संग्रहालयाचे यश तिकिटांच्या संख्येवर मोजण्याची सवय झाल्याने हा प्रश्न विचारणेही गैरसोयीचे ठरते. या बाबतीत अलीकडचे एक संशोधन विचारात घ्यावे. विलेपार्ले येथील साठये महाविद्यालयाच्या प्राचीन भारतीय संस्कृती विभागाने २०१६-१७ च्या सुमारास केलेल्या सर्वेक्षणात उद्यानाच्या परिसरात आणखी सात लेणी नोंदविण्यात आली. ती लहान आहेत, साधी आहेत आणि संशोधकांच्या मते कान्हेरीच्या ज्ञात लेण्यांहून जुनी असावीत. त्यांच्याजवळ पाण्याची टाकी नाहीत. यावरून ती वर्षावासापुरती, म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांतच वापरात असावीत, असा निष्कर्ष काढण्यात आला आहे. साठवण नव्हती तोवर मुक्काम पावसापुरता होता. पोढ्या खोदल्या गेल्यावर तो वर्षभराचा झाला. या सात लेण्यांकडे जाणारी पायवाट बांधावी काय आणि बांधल्यास ती कोणत्या महिन्यांत खुली असावी, हे ठरविताना पर्यटनाच्या आराखड्याइतकेच ओढ्याच्या पाण्याच्या नोंदींकडेही पाहावे लागेल. तशा नोंदी ठेवण्यास प्रारंभ करण्यासाठी येणारा ऑक्टोबर पुरेसा आहे.